बिनपाठीचा कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मला पाठ नाही. समोरून बघाल तर कॉलर ताठ, खांदे रुंद, बटणं जागच्या जागी, आणि वरच्या खिशात कायमचा शिवून टाकलेला पांढरा रुमाल. मागून बघाल तर कॉलरीपासून खालपर्यंत उभी चीर आणि दोन लांब नाड्या. अशा कोटाला बाहेरच्या जगात कुणी कोट म्हणणार नाही, हे मला माहीत आहे. तरीसुद्धा मी समुद्र ओलांडून परदेशात आलो, एका मोठ्या मुलाखतीला बसलो, आणि तिथं माझ्या या नसलेल्या पाठीनंच कमाल केली. ती हकीकत सांगायला मी कधीचा उतावीळ झालो आहे, पण सुरुवातीपासून सांगितली नाही तर तुम्हाला मजा यायची नाही.

माझा जन्म लातूरला गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळच्या एका गल्लीत, शिंप्याच्या दुकानात झाला. मला शिवायला टाकलं होतं उदगीरच्या गुरुलिंग नावाच्या नवरदेवासाठी. घरचं भुसाराचं दुकान असूनही माणूस अंगानं अगदी सडपातळ होता. शिंप्यानं माप घेतलं ते अंगाबरोबर. पण माप घेतल्यावर गुरुलिंगरावांची केळवणं सुरू झाली. आज मामाकडं, उद्या मावशीकडं, परवा आडतीतल्या भागीदाराकडं. जिथं जाईल तिथं पुरणपोळी, वर वाटीभर तूप, आणि नवरदेवाला नको म्हणायची सोय नाही. लग्न तोंडावर आलं तेव्हा ते मला घालून बघायला आले, दोन्ही हात पुढं केले आणि माझी पाठ चर्रकन उसवली. शिंपी गुरुलिंगरावांकडं बघत राहिला आणि गुरुलिंगराव आपल्या पोटाकडं. शेवटी त्यांचे वडील म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, तुमच्यापाशीच ठेवा. ह्यो आता धोतर-सदऱ्यावरच उभा ऱ्हाईल."

'ठेवा' हा शब्द माझ्या बाबतीत तेव्हा पहिल्यांदा निघाला. पुढं माझं सगळं आयुष्य या एका शब्दावर चालणार होतं, पण ते मला तेव्हा काय ठाऊक असणार.

शेजारच्या गाळ्यात रियाजभाईंनी नवाच फोटो स्टुडिओ उघडला होता. कॅमेरा होता, दोन दिवे होते, मागं निळा पडदा होता. गिऱ्हाइकांसाठी कोट तेवढा नव्हता. शिंप्यानं मला त्यांच्या हवाली केलं. रियाजभाईंनी कात्री घेतली आणि उसवलेली शिवण पार कॉलरीपर्यंत कापून टाकली. मी मनातल्या मनात ओरडलो. मग त्यांनी दोन्ही कडांना नाड्या लावल्या आणि शिंप्याला म्हणाले, "आता बघा उस्ताद. वाळका माणूस आला तर नाडी आवळायची, पैलवान आला तर सैल सोडायची. फोटोत पाठ कुठं येती?"

त्या दिवसापासून माझी चंगळ सुरू झाली. किनवटच्या आश्रमशाळेत शिकलेला मुलगा, कंधारचा एसटीतला उमेदवार, देवणीहून बैल विकून परतीच्या वाटेवर असलेला शेतकरी, सगळे माझ्यात हात घालायचे आणि साहेब व्हायचे. खाली लुंगी असो की मातीनं भरलेल्या चपला, मला त्याचं काही नव्हतं, कारण कॅमेराही तिथपर्यंत जात नव्हता. रियाजभाई मागून नाड्या बांधायचे, कॅमेऱ्यामागं जायचे आणि प्रत्येकाला तेच सांगायचे, "मान सरळ. नजर हिकडं. हसू नका, फॉर्म हाय." हसणाऱ्या माणसाला सरकार नोकरी देत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यामुळं अख्ख्या जिल्ह्यातल्या फॉर्मांवर माझ्यासकट चिकटलेली माणसं रागावल्यासारखी दिसायची. नोकऱ्या मात्र पुष्कळांना लागल्या.

मग त्र्याण्णव सालचा भूकंप झाला. पहाटे खुंटी हलली, मी खाली पडलो आणि माझ्यावर गिलावा कोसळला. आमच्या गल्लीत भिंतींना भेगा गेल्या, त्यापलीकडं फारसं काही झालं नाही. पण किल्लारीकडच्या गावांत घरंच उरली नव्हती. काही दिवसांनी तिकडची माणसं स्टुडिओत येऊ लागली. त्यांना फोटो काढायचा नव्हता, काढलेला हवा होता.

नागुबाई नावाची एक बाई आली. दारातच उभी राहून म्हणाली, "माज्या लेकाचा फोटू हाय का वं? पोलिसात भरती व्हायचा म्हनून हितंच काडला हुता. घरातलं समदंच गेलं." रियाजभाईंना काहीही टाकून द्यायची सवय नव्हती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत त्यांनी सगळ्या निगेटिव्ह जपून ठेवल्या होत्या. दुपारभर ते एकेक निगेटिव्ह दिव्यासमोर धरून बघत राहिले, आणि तो मुलगा सापडला. त्यांनी मोठा फोटो करून दिला. नागुबाई फोटोकडं बघत राहिली, मग तिचं लक्ष खुंटीवर गेलं. "ह्योच का त्यो कोट?" असं विचारून ती जवळ आली आणि तिनं माझ्या बाहीत कोपरापर्यंत हात घातला. तशीच बराच वेळ उभी राहिली. जाताना म्हणाली, "ह्याला टाकू नगंस बाबा. ठेव."

"हाव माय, ठेवतो," रियाजभाई म्हणाले.

आजवर किती हात माझ्या बाहीत आले आणि गेले. तो हात मी विसरलेलो नाही.

नंतरच्या वर्षांत लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. जिकडं तिकडं पाट्या, सायकली, खानावळी, आणि गावोगावची मुलं खांद्याला दप्तर लावून धावताना दिसायची. डॉक्टर व्हायचं, इंजिनिअर व्हायचं, आणि प्रत्येक परीक्षेच्या फॉर्मला फोटो. मी सकाळी खुंटीवरून उतरायचो तो दिवे लागेपर्यंत परत चढत नव्हतो. मला घामाचा, खडूचा आणि आमटीचा असा एकत्र वास येऊ लागला आणि मला तो आवडायचा.

पण एक अडचण होती. क्लासला मुलीही येत होत्या. रियाजभाई नाड्या बांधायला मागं गेले की त्या आक्रसायच्या. कुणी म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, ओढणीवरच काढा." कुणी पायरीवरूनच परत जायची. रियाजभाईंना वाटायचं, पोरींना काळा रंग आवडत नसेल. त्यांची मुलगी अर्शी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. स्टुडिओतल्या बाकावर बसून ती पाढे लिहायची आणि सगळं बघायची. एका दुपारी तिनं आपल्या अम्मीच्या, शबानाबींच्या डब्यातून सुई-दोरा आणला, माझ्या नाड्या कापल्या आणि त्या जागी लांबलचक नाड्या लावल्या. त्या पाठीकडून निघून दोन्ही कुशींवरून पुढं यायच्या आणि पोटावर, बटणांच्या आत, गाठ बसायची. टाके वेडेवाकडे होते. पण बापाला ती मोठ्या रुबाबात म्हणाली, "अब्बा, आता तुम्ही नुसता फोटो काढा. नाडी ज्याची त्यानं बांधायची."

रियाजभाई आधी मुलीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. मग त्यांनी डोक्याला हात लावला, कारण पोरी का परत जात होत्या हे त्यांना त्या क्षणी कळलं. पुढच्या महिन्यात पायरीवर मुलींची रांग होती. मित्रांनो, हे वेडेवाकडे टाके तुम्ही ध्यानात असू द्या.

सुखाचे दिवस असे उडून जातात. स्टुडिओत कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटरच्या पोटात तयार कोट निघाले. काळा, निळा, राखी, हवा तो रंग. गिऱ्हाइकानं बनियनवर फोटो काढला तरी चालायचं, कोट नंतर चिकटवायचा. त्या कोटांना वास नाही, वजन नाही, कुणाच्या अंगाची ऊब त्यांना ठाऊक नाही. पण इस्त्रीही लागत नाही. मी खुंटीवर टांगला गेलो तो टांगलेलाच राहिलो. शबानाबी दर साफसफाईला म्हणायच्या, "ह्याचं पायपुसणं तरी करते." रियाजभाई दरवेळी म्हणायचे, "ठेव गं. माईला जबान दिलीय."

दरम्यान अर्शी मोठी झाली. खाद्यपदार्थांच्या तंत्रज्ञानाची पदवी घेऊन ती पुढच्या शिक्षणाला आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी निघाली. बॅग भरताना रियाजभाई मला घेऊन आले. "मुलाखतीला लागंल, बेटा."

"अब्बा, तिकडं असला कोट कोण घालतंय? पाठ तरी हाय का त्याला?"

रियाजभाईंनी मान डोलावली. पण लोणच्याची काचेची बरणी बॅगेत ठेवायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती माझ्यात गुंडाळली, बाह्यांची गाठ मारली आणि म्हणाले, "बरणी फुटू नये म्हणून." अशा रीतीनं मी विमानात बसलो. कोट म्हणून नव्हे, पण बसलो.

कॉर्कमध्ये बरणी फळीवर गेली आणि मी खिडकीच्या फटीत. तिथून थंड वारं यायचं, ते अडवायचं काम मला मिळालं. खोलीत अर्शीबरोबर सृष्टी राहायची. ती उदगीरच्या मडिवाळप्पा व्यापाऱ्यांची मुलगी. लातूरच्या एकाच क्लासमध्ये दोघी एका बाकावर बसलेल्या. शिक्षण संपलं आणि नोकरीचे अर्ज सुरू झाले. फटीतून मला सगळं दिसत होतं, त्यामुळं पुढचं मी पाहिलेलं सांगतो.

दोघींनी हे कामही क्लासच्या पद्धतीनं अंगावर घेतलं. मागच्या मुलाखतींत विचारलेले प्रश्न जमवले, उत्तरं पाठ केली, भिंतीवर वेळापत्रक लावलं. अर्शीनं आपला लातूरचा जुना बायोडाटा काढला आणि तोच इंग्रजी सुधारून धडाधड पाठवायला लागली. त्यात अब्बांनी हट्टानं मला खुंटीवरून उतरवून काढलेला फोटो होता, न हसणारा. वडिलांचं नाव, अविवाहित, धर्म, आणि सगळ्यात खाली 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे, स्थळ: लातूर' असं प्रतिज्ञापत्र. ते स्थळ बदलायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. एका कंपनीनं उत्तर पाठवलं, क्षमस्व, आम्ही फक्त इथं राहणाऱ्यांचाच विचार करतो. अर्शी तेव्हा त्या कंपनीच्या समोरच्या रस्त्यावरच्या वाचनालयात बसलेली होती. सृष्टीला हे कळलं तेव्हा ती पलंगावर पडून हसली. मग तिनं स्वतःचा बायोडाटा उघडला. खाली लिहिलं होतं, स्थळ: उदगीर.

चुका सुधारल्या. तरी उत्तरं येत नव्हती. आली तर पहिल्याच ओळीत 'अनफॉर्च्युनेटली' असायचं. तो एक शब्द दिसला की अर्शी पुढचं वाचत नसे. अर्ज भरायचा, मग तीच माहिती पुन्हा दुसऱ्या चौकटीत भरायची, मग गप्प बसून राहायचं. जेवताना तिचा फोन ताटाशेजारी उताणा ठेवलेला असायचा आणि भाजी निवून जायची.

"लातुरात निकाल तरी लागायचा," सृष्टी एकदा म्हणाली. "हितं मेरिट लिस्ट न्हाई, कटऑफ न्हाई, रिचेकिंग न्हाई. कुठं चुकलं तेबी कुणी सांगत न्हाई. मग माणसानं रडायचं तरी कशावर?"

तिकडं लातूरला गल्लीतले लोक रियाजभाईंना विचारायचे, "लागली का पोरीला नोकरी?" 'नाही' म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे. ते म्हणायचे, "लागून राहिली," म्हणजे लागतेच आहे. एका फोनमध्ये शबानाबींनी हे हसत हसत सांगितलं. अर्शी हसली नाही. फोन झाल्यावर सृष्टीला म्हणाली, "अब्बा माझ्यापायी खोटं बोलून राहिले गं. हितं राहायच्या परवान्याची मुदत संपत आली. नोकरी न्हाई मिळाली तर परत जावं लागंल, आणि ते सगळ्यांसमोर खोटे ठरतील. मला तेवढं होऊ द्यायचं न्हाई."

मी फटीत होतो, मला काही करता येत नव्हतं. वारं अडवत राहिलो.

आणि मग एका सकाळी एका बिस्किटाच्या कारखान्यातून फोन आला. मालाची तपासणी करणारं माणूस त्यांना हवं होतं. एक बाई बोलत होती, आवाज मोकळा होता. अर्शी खोलीत चकरा मारत उत्तरं देत होती आणि बरं चाललं होतं. बोलणं संपलं. आता तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडं फोन संपवताना मोठ्या माणसाला 'ठेवू का?' असं विचारल्याशिवाय फोन ठेवत नाहीत. न विचारता ठेवला तर तो अपमान. अर्शी इंग्रजीत गेली तरी संस्कार कुठं जातात. तिनं अदबीनं विचारलं, "शॅल आय कीप?"

बाईंना काही कळेना. मग आवाज आला, "कीप व्हॉट?"

"द फोन," अर्शी म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला कळलं.

बाई मोठ्यानं हसल्या आणि 'प्लीज डू' म्हणाल्या. अर्शीनं फोन ठेवला, मला फटीतून ओढलं आणि माझ्यात तोंड लपवलं. "गेलं. हेबी गेलं."

"गेलं न्हाई," सृष्टी म्हणाली. "हसली म्हणजे तिनं तुला ध्यानात ठेवलं. दुसऱ्या पोरी तिला आठवणार बी न्हाईत."

सृष्टीचं खरं निघालं. दुसऱ्या फेरीचं बोलावणं आलं, लॅपटॉपवरून समोरासमोर मुलाखत. खोलीत नुसती धांदल उडाली. दोघींनी मिळून एक चांगला कोट घेऊन ठेवला होता. त्याला पाठ होती, चकचकीत अस्तर होतं, आणि त्याचा तोरा काही विचारू नका. पण त्याच दिवशी, त्याच वेळी सृष्टीलाही एका ऑफिसात प्रत्यक्ष मुलाखतीला जायचं होतं.

"तू घाल," सृष्टी म्हणाली.

"मी खोलीत बसणार. तू लोकांत जाणार. तू घाल," अर्शी म्हणाली. मग ती खिडकीकडं वळली, थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली आणि गालातल्या गालात हसली. "मला पुढचीच बाजू पायजे. फोटोत पाठ कुठं येती?"

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या जुन्या धाग्याधाग्यात जी खळबळ उडाली ती मी कशी सांगू. मला झटकलं, ऊन दाखवलं, इस्त्री केली. आतल्या बाजूला लोणच्याच्या तेलाचा डाग होता, तो आतच राहिला. पिवळ्या कुर्त्यावर तिनं मला चढवलं, नाड्या कुशींवरून पुढं घेतल्या आणि पोटावर गाठ मारली. स्वतःच लावलेल्या नाड्या होत्या, त्यामुळं हात सराईतपणे फिरले. बटणं लागली. लॅपटॉपमध्ये मी मला पाहिलं आणि खरं सांगतो, मी झकास दिसत होतो.

पडद्यावर तिघं जण आले. मध्ये त्याच बाई होत्या. पहिले प्रश्न नीट गेले, पाठ केलेली उत्तरं गाडी रुळावरून जावी तशी गेली. मग बाईंनी विचारलं, "हातात फारसं काही नसताना एखादी अडचण तुम्ही कशी सोडवली, ते सांगा."

याचंही उत्तर पाठ होतं. "आम्ही कॉलेजात एक प्रकल्प केला," अर्शी म्हणाली. "आम्ही नमुने गोळा केले, आम्ही तपासले..."

"आम्ही म्हणजे कोण?" बाईंनी मधेच विचारलं. "त्यात तुम्ही काय केलं?"

अर्शी अडखळली. आमच्याकडं चारचौघांत 'मी केलं, मी केलं' म्हणणाऱ्याला आगाऊ म्हणतात. एकट्यानं केलेलं कामही 'आम्ही केलं' म्हणून सांगतात. तिच्या तोंडातून 'मी' निघेना. तिच्या छातीची धडधड माझ्या अस्तर नसलेल्या अंगाला थेट लागत होती. बाजूच्या गृहस्थांनी घड्याळाकडं बघितलं आणि सभ्यपणे म्हणाले, "ठीक आहे. तुमचं इथलं ओळखपत्र एकदा दाखवा, मग आपण थांबू."

ओळखपत्र मागच्या कपाटात होतं. गडबडीत अर्शी उठली आणि वळली.

झालं. समोरून साहेब, आणि मागून उभी चीर, चिरेतून पिवळा कुर्ता. लॅपटॉपमधून फिसकन हसू आलं. अर्शी जागीच थिजली. ती परत आली तेव्हा तिचा हात लॅपटॉप मिटायला निघाला होता. मला वाटलं, माझ्यामुळं पोरीचं नशीब फिरलं, त्यापेक्षा पायपुसणं झालो असतो तर बरं होतं.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण चेष्टेनं नाही. "त्या कोटाचं काय आहे ते मला खरंच ऐकायचं आहे."

आणि अर्शी बोलायला लागली. पाठ केलेलं इंग्रजी कुठल्या कुठं गेलं, तिचं स्वतःचं बाहेर आलं. अब्बांचा स्टुडिओ, केळवणं खाऊन फुगलेला नवरदेव, वाळक्यापासून पैलवानापर्यंत सगळ्यांना बसणारा एकच कोट. तिघंही पुढं सरकून ऐकत होते. मग ती म्हणाली, "पण मुली परत जात होत्या. नाडी मागून दुसऱ्या कुणी बांधलेली त्यांना नको होती. हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते मी पाहिलं. मी नाड्या कापल्या. मी लांब नाड्या लावून त्या पुढं आणल्या. तेव्हा मी शाळेत होते. मग मुली परत गेल्या नाहीत."

किती दिवसांनी तिच्या तोंडून 'मी' आलं, आणि आलं ते थांबेचना. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. घड्याळाकडं बघणारे गृहस्थ म्हणाले, "तो कोट मागून पुन्हा एकदा दाखवाल का?"

अर्शी उठली आणि या वेळी सावकाश, मान ताठ करून वळली. माझे वेडेवाकडे टाके तिनं बोटानं दाखवले. आयुष्यभर लोकांनी मला समोरून बघितलं होतं. माझी पाठ फोटोत आली ती त्या दिवशी पहिल्यांदा. मला असं वाटलं की बटणं तुटून उडतील.

संध्याकाळी सृष्टी परत आली. तिची मुलाखत काही जमली नव्हती. "त्यांना अनुभव पायजे म्हणे. अनुभव यायला आधी ठेवून तर घ्या की," ती म्हणाली, बूट काढले आणि अर्शीला म्हणाली, "आता तुझं सांग, पहिल्यापास्नं." नव्या कोटाची मान जरा खाली गेल्यासारखी मला वाटली. मी मोठ्या मनानं तिकडं लक्ष दिलं नाही.

मग वाट बघणं. अर्शीनं फोन पुन्हा ताटाशेजारी उताणा ठेवला. आणि एका दुपारी तिचे हात ज्वारीच्या पिठात असताना तो वाजला. तिनं कोपरानं बटण दाबलं. बाईंचा आवाज होता. पण त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. त्यांनी अगदी अदबीनं विचारलं,

"शॅल आय कीप?"

अर्शी गोंधळली. "कीप व्हॉट?"

"यू," बाई म्हणाल्या.

सृष्टीच्या हातातलं उलथनं खाली पडलं. अर्शी पिठाच्या हातांनी तोंड दाबून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पीठ गालाला चिकटत होतं. आमच्याकडं माणसाला कामावर ठेवतात, हे त्या बाईंना ठाऊक नव्हतं. त्या आपल्या गंमत करत होत्या, आणि नकळत नेमकं मराठीत बोलून गेल्या होत्या. "येस," अर्शी म्हणाली. "प्लीज डू."

लगेच लातूरला फोन. पडद्यावर रियाजभाई आले, मागं तोच निळा पडदा, आता विटलेला. अर्शी एवढंच म्हणाली, "अब्बा, लागली."

 ते उठून दाराशी गेले, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, "लागली. आमच्या अर्शीला लागली." परत येऊन बसले तेव्हा त्यांना मी दिसलो. अर्शीनं मला अंगावर घेतलं होतं, पीठ लागलेल्या हातांनी, नाड्या न बांधताच.

"तसंच थांब," ते म्हणाले. "फोटो काढतो. मान सरळ. नजर हिकडं."

अर्शीनं लहानपणापासूनच्या सवयीनं मान ताठ केली आणि ओठ घट्ट मिटले.

"हस आता, बेटा," रियाजभाई म्हणाले.  "हा फॉर्म न्हाई."

मित्रांनो, आता मी फटीत राहत नाही. मला स्वतःचा हँगर मिळाला आहे, नव्या कोटाच्या शेजारी. आमचं बरं चाललंय. तुमच्या घरात खुंटीवर असा कुणी जुना, फाटका, कालबाह्य झालेला जीव टांगलेला असेल तर त्याचं पायपुसणं करायची घाई करू नका. त्याला ऊन दाखवा, खिसे तपासा, त्याच्या बाहीत एकदा हात घालून बघा. आणि स्वतःची उसवलेली बाजूही जगापासून फार लपवू नका, तिथले टाके बहुधा तुमच्याच हातचे असतात. हे सगळं अजून रंगवून सांगितलं असतं, पण सृष्टीला उद्या लॅपटॉपवर मुलाखत आहे आणि नवा कोट समोर असताना ती मलाच मागते आहे. मघापासून माझ्या नाड्या शोधते आहे, मला जायला हवं.

बरं तर मग. ठेवू का?